उशाखालचं पाकीट

धाकटे, काल पंचमीच्या दुपारी सगळ्या बाया झोक्यापाशी जमल्या होत्या आणि तू आतल्या खोलीत ओढणीनं डोकं करकचून आवळून पडली होतीस. तू तोंड धुवायला उठलीस म्हणून मी उशी झटकायला घेतली, तर खालून पाकीट पडलं. दहा गोळ्यांचं. आठ घरं फुटलेली, दोन शिल्लक. मागची चांदी अंगठ्यानं ढकलून ढकलून चुरगळलेली. "अक्का, आईला सांगू नको," एवढंच तू म्हणालीस. आईला नाही सांगितलं. पण तुझ्याशी चार गोष्टी बोलल्याशिवाय तुला सासरी पाठवणार नाही. रागावणार नाही, घाबरू नको. मला रागवायचा हक्कच नाही, कारण असलंच पाकीट दोन वर्षं माझ्या पर्समध्ये होतं, एक फ्रिजवर होतं आणि एक देव्हाऱ्याच्या खणात, वातींच्या डबीमागं.

आधी हे पक्कं धर, की तुझं दुखणं खरं आहे. "डोकंच तर दुखतंय, त्यात काय एवढं" हे वाक्य घराघरात ऐकायला मिळतं, आणि ते ऐकूनच आपण बाया गोळ्या लपवून खायला शिकतो. साधी डोकेदुखी कपाळभर पसरते आणि चहा पिऊन जाते. अर्धशिशीचं तसं नाही. एका बाजूला नाडीच्या ठोक्यासारखं ठणकतं, उजेड नको होतो, मिक्सरचा आवाज नको होतो, फोडणीचा वास आला की पोटातलं उलटून येतं. जिना चढलं तरी डोकं फुटेल असं वाटतं. उपचार नाही झाला तर चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतं. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या डॉक्टरांनी कर्नाटकात पाहणी केली होती, २०१५ मध्ये ती छापून आली. वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेले लोक त्यांना शंभरात पंचवीस सापडले. बायांमध्ये जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. कर्नाटक म्हणजे आपल्यासाठी काही परदेश नाही, निलंगा ओलांडलं की बीदर. तेव्हा हे नाजूक बाईचं नखरेल दुखणं आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला हा आकडा सांग.

आणि हे आपल्या घरातच आहे. आईचं आठवतं ना? डोकं उठलं की ती माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीत फडकं बांधून बसायची. "दिस चढल तसं डोकं चढतंय गं," म्हणायची. आजी तिला दिवस उगवायच्या आत उठवून दूध-जिलबी खायला लावायची. आपण हसायचो, आणि जिलबी आपल्यालाही मिळावी म्हणून रडायचो. मला आता वाटतं, आजीच्या त्या उपायात थोडं तथ्य असणार. गोडानं नव्हे, पण पहाटेच पोटात काहीतरी जायचं, आणि रिकामं पोट हे अर्धशिशीला आमंत्रण आहे. आई सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र सगळं धरायची आणि प्रत्येक उपासाच्या दुपारी तिचं डोकं धरायचं. या दोन गोष्टी एकमेकींना जोडून बघाव्यात असं आपल्यातल्या कोणालाच सुचलं नाही.

आता माझं ऐक. हे मी घरात कोणाला पूर्ण सांगितलेलं नाही.

मला पहिल्यांदा जी गोळी मिळाली ती मेडिकलवर. चिठ्ठी नाही, काही नाही. "भाऊ, डोक्याची द्या, जोरात दुखतंय," म्हणाले आणि त्यानं पाकिटातून चार कापून दिल्या. कापताना गोळीचं नाव अर्धं कापलं गेलं, त्यामुळं मी काय खाते आहे हे मला सहा महिने माहीतच नव्हतं. पण गुण आला, लगेच आला. अर्ध्या तासात डोकं हलकं. मला वाटलं, देव भेटला. मग महिन्यात दोनदा लागणारी गोळी चारदा लागायला लागली, मग आठवड्यातून दोनदा, मग दिवसाआड. पुढं पुढं तर डोकं दुखण्याच्या आधीच, आज लग्नाला जायचंय, आज पाहुणे येणार, म्हणून मी गोळी घेऊन ठेवायची. आणि एक दिवस लक्षात आलं, की रोज सकाळी डोळे उघडतानाच डोकं जड असतं. गोळी घेतली की उतरतं, उतारा संपला की परत चढतं.

लातूरला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडं गेले तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "महिन्यातले किती दिवस गोळी घेता?" मला सांगता येईना. किती गोळ्या, कोणती गोळी, हे त्यांनी नंतर विचारलं. पहिला प्रश्न दिवसांचा होता. मी म्हणाले, "असतील आठ-दहा." ते म्हणाले, "घरी कालनिर्णय आहे ना? त्यावर महिनाभर खूण करा आणि परत या." आपल्या स्वयंपाकघरात दाराशेजारी टांगलेलं असतं ते, ज्यावर मी दुधाचा हिशेब लिहिते. ज्या दिवशी दूध एक लिटर तिथं १, ज्या दिवशी घेतलं नाही तिथं शून्य. त्याच चौकोनात मी लाल पेनानं खुणा करायला लागले. डोकं दुखलं की फुली, गोळी घेतली की फुलीभोवती गोल. महिना संपला तेव्हा मी पान खाली उतरवून मोजलं. बावीस गोल. दुधाचा खाडा चार दिवसांचा होता आणि गोळीचा आठच दिवसांचा. पानाकडं बघत मी ओट्यापाशी किती वेळ उभी होते कोण जाणे.

धाकटे, डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते तू नीट लक्षात ठेव, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. डोकेदुखीची गोळीच ठरावीक दिवसांपेक्षा जास्त घेतली की डोकेदुखी तयार करते. हे खरंखुरं वेगळं दुखणं आहे, जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याची वेगळी नोंद घेतलेली आहे. हिशेब असा: साधी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन महिन्यातले १५ दिवस किंवा त्याहून जास्त, आणि एका गोळीत तीन-चार औषधं असलेली, एर्गोटामाइनची, ट्रिप्टानची किंवा गुंगीच्या वेदनाशामकाची गोळी महिन्यातले १० दिवस किंवा त्याहून जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की डोकं त्या गोळीवर बसतं. म्हणून आठवड्यातून दोन दिवसांच्या वर गोळीला हात लावायची वेळ आली, तर ती वेळ डॉक्टरकडं जायची आहे, दुसरं पाकीट आणायची नव्हे. एका दिवसात दोन गोळ्या घेतल्या तरी तो एकच दिवस धरायचा, म्हणून गोळ्यांपेक्षा दिवस मोजायचे.

मी ती गोळी सोडली. खोटं सांगत नाही, ते दहा दिवस वाईट गेले. पहिल्या तीन दिवसांत उलट्या, चिडचिड, रात्रभर जाग. तुझ्या भावजींनी त्या दिवसांत पोरांचे डबे केले. डॉक्टरांनी मधल्या काळासाठी वेगळं औषध दिलं होतं, म्हणून निभावलं. पुढं दीड-दोन महिन्यांत डोकं ताळ्यावर आलं. आज माझ्या पानावर महिन्यात तीन नाहीतर चार फुल्या असतात. पण तू हे वाचून-ऐकून आपल्या मनानं उद्यापासून सगळं बंद करू नको. काही औषधं एकदम तोडली की उलटतात. छातीचे ठोके आवरणारी प्रोप्रानोलॉल त्यातली एक, ती हळूहळूच उतरवायची असते.

आता तुझ्या पाकिटाकडं येते. काल तू तोंड धूत होतीस तेव्हा मी चष्मा लावून मागचं बारीक वाचलं. डाव्या बाजूला लाल उभी रेघ होती, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायचं औषध. आत चार औषधं. पॅरासिटामॉल, कॅफिन, उलटी थांबवणारं एक, आणि एर्गोटामाइन.

या एर्गोटामाइनचं मूळ तुला सांगते, कारण ते आपल्या शेतापासून फार लांब नाही. आजोबा बाजरी पेरायचे तेव्हा पेरणीआधी बादलीत मिठाचं पाणी करायचे, दहा लिटर पाण्याला दोन किलो मीठ. त्यात बी ओतलं की काळपट, हलकं, रोगट बी वर तरंगायचं. ते काढून टाकायचं, खाली बसलेलं बी स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. ते वर तरंगायचं ते अरगट, बाजरीच्या कणसावर चिकटा पडतो ना, त्या बुरशीचं. त्याच कुळातली एक बुरशी थंड मुलखातल्या राय नावाच्या धान्यावर पडते. युरोपात शेकडो वर्षं लोक ते धान्य खाऊन हातापायांची बोटं काळी पडून गमवायचे, कारण तिच्यातला अंश रक्तवाहिन्या आवळतो. १९१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या आर्थर स्टोल यांनी त्यातूनच एर्गोटामाइन वेगळं काढलं. आवळण्याचा तोच गुण मोजून-मापून वापरला की डोक्यातल्या फुगलेल्या वाहिन्या आवळतात आणि अर्धशिशी उतरते. बाजरीच्या अरगटात हा अंश नसतो, त्यानं उलट्या आणि चक्कर येते, पण जात तीच. आजोबा ज्याला बादलीतून काढून फेकत होते त्याचा भाऊबंद आपण मेडिकलवर पैसे देऊन घेतो. मापात आहे तोवर औषध.

हे माप कधी बिघडतं ते बघ. तुझ्या नवऱ्याला मागच्या पावसाळ्यात नायटा झाला होता, महिनाभर गोळ्या चालल्या. तुलाही झाला होता की नाही? नायट्याच्या त्या इट्राकोनॅझोलच्या गोळ्या, किंवा घसा-छातीला देतात ती क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, यांच्यापैकी काही चालू असताना एर्गोटामाइन घ्यायचंच नाही. ती औषधं यकृतात एर्गोटामाइनचा निचरा होऊ देत नाहीत. मग ते रक्तात साठतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. बोटं गार पडली, मुंग्या आल्या, पांढरी-निळी दिसली, चालताना पोटऱ्या दुखायला लागल्या, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना. बीपी, हृदयाचं दुखणं, पायाच्या रक्तवाहिन्यांचं दुखणं असलेल्यानं हे औषध घ्यायचं नाही. पोटुशी असताना नाही, अंगावर पाजताना नाही. तुझी बारकी अजून पिते आहे, धाकटे. हे तुला मेडिकलवाल्यानं विचारलं होतं का?

आणि त्यातली पॅरासिटामॉल. परवा तुला कणकण होती म्हणून तू तापाची गोळी घेतलीस, सर्दीची घेतलीस, आणि डोक्याची तर घेतलीच. तिन्हींत पॅरासिटामॉल असते. मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर ती जाऊ द्यायची नाही, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या, आणि तुझ्यासारख्या सडपातळ बाईला त्याच्याही खालीच थांबायला सांगतात. जास्त झाली तर यकृत जातं, आणि पहिला दिवसभर काही कळतही नाही. एका गोळीत तीन-चार औषधं भरायची पद्धत आपल्या देशात फार आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा ३२८ मिश्र औषधांवर एकदम बंदी घातली होती, तेव्हा घराघरात माहीत असलेली सारिडॉनही त्या यादीत होती. ती १९८८ च्या आधीपासून बाजारात आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयातून सुटली. मला त्यातून एवढंच कळलं, की गोळी ओळखीची आहे म्हणजे आत काय आहे ते आपल्याला माहीत आहे असं होत नाही. पाकीट कापून घेऊ नको, पूर्ण घे, आणि मागचं वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घे.

आता सगळ्यात महत्त्वाचं विचारते, आणि लाजू नको, बहिणीपुढं कसली लाज. काल तू म्हणालीस, डोकं उठायच्या आधी डोळ्यांपुढं चमकत्या नागमोडी रेघा येतात, अर्धी अक्षरं दिसेनाशी होतात, अर्ध्या तासानं ते जातं आणि मग ठणका सुरू होतो. मी ते हसण्यावारी नेलं नाही. त्याला डॉक्टर ऑरा म्हणतात. आणि तुझ्या पर्समध्ये दुसरं एक पाकीट होतं, आशाताईंनी दिलेलं माला-एन. रेघा दिसणाऱ्या अर्धशिशीत माला-एनसारखी दोन हार्मोन असलेली गोळी चालत नाही. त्यात इस्ट्रोजेन असतं, आणि ऑरा असलेल्या बाईत त्यानं मेंदूत रक्ताची गाठ होऊन अर्धांग व्हायचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा बायांना ही गोळी देऊच नये असं स्पष्ट लिहून ठेवलंय. आशाताईंचा यात दोष नाही, तू त्यांना रेघांचं सांगितलंच नव्हतंस. तुला वाटलं, डोक्याचं आणि पाळणा लांबवायच्या गोळीचं काय नातं? नातं आहे. दुसरे मार्ग आहेत आणि सरकारीच आहेत. छाया नावाची गोळी आहे, तिच्यात हार्मोन नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा. तांबी आहे. कोणतं तुला चालेल ते डॉक्टर सांगतील, पण माला-एन घेतेस हे सांगितल्याशिवाय तिथून उठू नको. आणि तोवर तुझ्या नवऱ्याला सांग, सांभाळून राहायची जबाबदारी त्याचीही आहे. तसंच गौरी-गणपतीत पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. त्याही हार्मोनच्याच. गौरी तुझ्या हातचा नैवेद्य एक वर्ष जावेच्या हातून घेईल, पण डॉक्टरांना न विचारता ती गोळी घेऊ नको.

तुला वाटत असेल, अक्का सगळंच बंद करायला सांगते, मग दुखलं तर काय करू? गोळी घ्यायची, बाई. वेळेवर घ्यायची. आपल्या बाया दोन टोकं गाठतात, एक तर उठल्यासुटल्या गोळी, नाहीतर "आधी भाकरी थापून घेते, धुणं उरकते, मग बघू" करत दुपार करतात. अर्धशिशीत पोटाचं काम मंदावतं, ठणका जोरात आला की पोटातली गोळी पोटातच बसते. म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी दुखायला लागलं की सुरुवातीलाच, दोन घास खाऊन, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अंधारात तासभर पडायचं. त्या तासासाठी घरातल्यांची परवानगी मागत बसू नको. मळमळ फार असेल तर त्याचं वेगळं औषध ते सोबत देतात. नॅप्रोक्सेन, आयब्युप्रोफेन या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की पोट जळतं, आणि उन्हाळ्यात आपल्याकडच्या कडक उन्हात घाम जाऊन अंग कोरडं पडलेलं असताना घेतल्या तर किडनीवर ताण येतो. मे महिन्यात हे विसरू नको. आणि गावात "एक सुई मारा, लवकर उतरू द्या" म्हणून दंडावर-कंबरेवर इंजेक्शन घ्यायची जी सवय आहे, तिचाही दिवस कालनिर्णयवर गोलातच धरायचा.

मला सुमाट्रिप्टान देतात. ती वेदनेची गोळी नाही, अर्धशिशीसाठीच केलेली आहे. पहिल्यांदा घेतली तेव्हा मानेत आणि छातीत आवळल्यासारखं झालं, मी घाबरले. डॉक्टरांनी ते आधी सांगून ठेवलं होतं म्हणून धीर धरला. पण ज्यांना हृदयाचं दुखणं, आवरलेलं नसलेलं बीपी, आधी अर्धांग झालेलं, त्यांना ती चालत नाही. आणि एर्गोटामाइन घेतल्यापासून चोवीस तास ती घ्यायची नाही, दोन्ही आवळणारीच. म्हणून माझ्या पर्समधली गोळी तू मागितलीस तरी मी काल दिली नाही. तुला तेव्हा राग आला, मी बघितलं. पण तुझ्या पोटात सकाळचीच गोळी होती. कोणाचीही मागू नको, जावेची नाही, शेजारणीची नाही. आपली भाची लातूरला क्लासला आहे, रात्री दोनपर्यंत जागते, तिनं रूमवरच्या मैत्रिणीची "डोक्याची" गोळी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठलीच नाही. ती रोज रात्री एक घ्यायची प्रतिबंधाची गोळी होती, झोप आणणारी.

प्रतिबंधाच्या गोळ्या तुलाही देतील असं मला वाटतं, महिन्यात चारापेक्षा जास्त वेळा तुझं डोकं उठतंय. त्या रोज घ्यायच्या असतात, दुखो न दुखो. गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि इथंच बाया हरतात, पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून डबी खिडकीत ठेवून देतात. डॉक्टर विचारतील त्याला खरं उत्तर दे. लहानपणी तुला दमा होता हे सांग, कारण दमा असला की प्रोप्रानोलॉल देत नाहीत. फ्लुनारिझिननं वजन वाढतं आणि मन उदास होऊ शकतं, तसं वाटलं तर सांग. व्हॅलप्रोएट पोटातल्या बाळाला अपाय करतं आणि टोपिरामेटचाही धोका आहे, म्हणून "आम्हाला अजून एक मूल हवंय का नको" हे तिथंच ठरवून बोल. एक औषध दुसऱ्याचं माप बदलतं. प्रोप्रानोलॉल चालू असेल तर रिझाट्रिप्टान कमी मापात द्यावी लागते. म्हणून घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्यायची, आयुर्वेदिक काढा असेल तर त्याची बाटलीसुद्धा.

बाकी गोळीशिवायचं तुला सांगायचं ते थोडंच. डोक्यावरून न्हालीस की दुखतं हे तू म्हणतेस, घरातले तुला वेडी म्हणतात. मुंबईचे डोकेदुखीचे डॉक्टर के. रविशंकर यांनी २००६ मध्ये असे ९४ रुग्ण नोंदवून परदेशी मासिकात छापले होते, त्यात आपल्याकडचं डोक्यावरून न्हाणंच होतं. तेव्हा न्हाऊन ओल्या केसांनी बसू नको, लगेच कोरडे कर आणि त्या दिवशी उपास नको. पाणी पीत जा. झोपेची वेळ मोडू नको.

आणि काही वेळा गोळीचा विचारच करायचा नाही, सरळ दवाखाना. आयुष्यात कधी दुखलं नाही असं एका क्षणात वीज पडल्यासारखं दुखलं, ताप आणि मान ताठ झाली, तोंड वाकडं, हातपाय लुळे, बोलणं अडखळलं, डोक्याला मार लागल्यावर दुखायला लागलं, पोटुशीचे पाच महिने झाल्यावर डोकं दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली. बाळंतिणीचं तर फारच जपायचं. "बाळंतवारा लागला" म्हणून डोक्याला फडकं बांधून ठेवतात आणि आत मेंदूच्या शिरेत गाठ झालेली असते, हे आपल्या देशात नवं नाही. रात्र असो, पाऊस असो, १०८ ला फोन लाव. औशाचं ग्रामीण रुग्णालय आहे, पुढं लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था आहे. वीस किलोमीटरचा तर रस्ता.

येत्या सोमवारी मी लातूरला तुझा नंबर लावलाय. सकाळी लामजन्याहून पहिली एसटी धर, मी औशाच्या स्टँडवर उभी असते. कालनिर्णय भिंतीवरून उतरवून पिशवीत घाल, तुझ्या खुणा नसतील तर आजपासून सुरू कर, पाच दिवस तरी होतील. पाकिटं सगळी आण, रिकामी झालेलीसुद्धा, उशाखालचं आणि पर्समधलं दोन्ही. श्रावणातला सोमवार आहे म्हणून उपाशी येऊ नको. तुझ्या वाटची भाकरी मी बांधून आणते.